नऊ सेंटिमीटर

आबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही असं बजावलं, तेव्हा आमची पिकअप माझ्या हातात आली. तशी ती मी आधीही नेली होती, शेतातून घरी, घरून डिझेल भरायला. पण माल भरून, हायवेला, पन्नास-साठच्या वेगानं कधीच नाही. पुण्यात माझी छोटी कार मी रोज चालवते, त्यामुळे 'त्यात काय एवढं' हा माज होताच.

ओतूर सोडून आळेफाट्याकडे निघालं की मधले काही पट्टे चांगले सरळ लागतात. माज तिथंच उतरला. मी स्टेअरिंग सरळ धरलेलं आणि गाडी आपली हळूच डावीकडच्या मुरमाकडे सरकायला लागली. थोडं उजवीकडे वळवलं, काहीच झालं नाही. आणखी थोडं वळवलं, तरी नाही. मग एकदम जाग आल्यासारखी ती उजवीकडे झुकली. मी घाबरून डावीकडे आणली, तर पुन्हा तोच मधला रिकामा पट्टा, जिथं चाक फिरतंय पण गाडीला पत्ता नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. मी वेग तिसावर आणला आणि गिळलेला आवंढा बराच वेळ घशातच राहिला.

काळा चष्मा लावून शेजारी बसलेले आबा म्हणाले, "गाडीला काय नाय झालं. तुहा हात बसला नाय अजून."

त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. पंधरा-सोळा वर्षं ते हीच गाडी चालवतायत. टोमॅटोच्या हंगामात नारायणगाव, कधी कांदा, कधी कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन माळशेज उतरून कल्याणची बाजार समिती. रात्री दोनला घाटातल्या धुक्यातून त्यांनी ही गाडी कितीदा खाली नेली असेल, त्याचा हिशेब नाही. आणि मला आठवलं, त्यांचे हात कधी स्थिर नसायचेच. सरळ रस्त्यावरही डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, सूप पाखडावं तसं सतत चाललेलं. लहानपणी आम्ही भावंडं परातीचं स्टेअरिंग करून ड्रायव्हर-ड्रायव्हर खेळायचो, तेव्हा परात सारखी हलवत राहायचो. गाडी चालवणं म्हणजे तेच, अशी आमची पक्की समजूत होती. कारमध्ये तसं करावं लागत नाही हे मला पुण्यात जाऊन कळलं, पण ते कळलं तेव्हाही आबांच्या हातांचा विचार मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गाडी घेऊन हायवेवरच्या एका गॅरेजात गेले. तिथल्या माणसानं दारातून हात घालून स्टेअरिंग दोनदा हलवलं, "प्ले आलाय ताई", म्हणजे स्टेअरिंग ढिलं झालंय, असं जाहीर केलं, बॉनेट उघडलं आणि स्टेअरिंग बॉक्सच्या, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोहोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीच्या, डोक्यावरचा नट सैल करून मधला स्क्रू आवळून दिला. पाच मिनिटांचं काम. गाडीखाली तो वाकूनसुद्धा गेला नाही. घरी येताना हाताला चाक घट्ट लागत होतं आणि मला वाटलं, सुटलो. पण पहिल्या वळणानंतर चाक परत येईना. एरवी वळण संपलं की हात सैल सोडला तरी स्टेअरिंग आपसूक सरळ होतं, सायकल हात सोडून चालवताना पुढचं चाक होतं तसं. आता ते वळलेल्या जागीच अडकून बसायचं. मी ओढून सरळ आणायची, ते पुढं जायचं, मी परत मागं आणायची. म्हणजे भरकटणं तसंच, वर ताकदही लावायची.

मग ज्यांच्याकडे आधीच जायला हवं होतं त्या मिस्त्रींकडे गेले. वय आबांएवढं, दुकान म्हणजे चिंचेखाली एक पत्र्याची शेड. बॉक्सला नुकतीच चावी लागल्याची खूण बघून त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं आणि पहिलं काम काय केलं, तर तो स्क्रू होता तसा सैल करून ठेवला. मग टपावर हात ठेवून विचारलं, "ओढते, थरथरते का लोळते?"

मला वाटलं तिन्हीचा अर्थ एकच. नव्हता. ओढते म्हणजे एकाच बाजूला जाते, कायम. तिथं टायर बघायचा, पुढची डावी-उजवी चाकं अदलाबदल करून बघायचं, कुठला ब्रेक चिकटतोय का तेही बघायचं. रस्ताच पाण्यासाठी डावीकडे उतरता असतो, तोही गाडीला डावीकडे नेतो. त्यात गाडीचा काही दोष नाही. थरथरते म्हणजे ठरावीक वेगाला स्टेअरिंग हातात कापतं. तिथं बॅलन्सिंग, वाकलेली रिम, फुगलेला टायर. आणि लोळते म्हणजे कधी इकडे कधी तिकडे, आणि कुठं जाईल ते तिचं तिलाच ठाऊक नाही. "लोळते," मी म्हणाले. "मग आज सोडून जा गाडी. आणि उद्या आबांना घेऊन या," ते म्हणाले. "मला आत बसायला माणूस लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी टायरची हवा बघितली. मग उकिडवं बसून पुढच्या टायरवरून तळहात फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. मलाही फिरवायला लावला. एका बाजूनं हात सुळकन जायचा आणि उलट नेला की प्रत्येक गट्टूची कड बोटांना लागायची, करवतीच्या दात्यांवरून हात नेल्यासारखी. डोळ्यांना टायर चांगला गुळगुळीत, सारखा झिजलेला दिसत होता. चाकं सरळ न चालता किंचित तिरकी घासत चालली की असं होतं. टायर दोन वर्षांचे, म्हणजे दोन वर्षं तरी हे चाललं होतं.

मग मोजमाप. तारेचा एक तुकडा त्यांनी डॅशबोर्डच्या फटीत असा खोचला की टोक स्टेअरिंगच्या कडेला जेमतेम भिडेल. कडेवर पांढरी चिकटपट्टी. इंजिन बंद, चाकं सरळ. आबांनी स्टेअरिंग अलगद डावीकडे नेत जायचं आणि मी बाहेरून टायरवर नजर ठेवायची. टायर हलतोय असं वाटलं की ओरडायचं. तिथं पट्टीवर खूण. मग उजवीकडे तेच. दोन खुणांमध्ये नऊ सेंटिमीटर भरले. मिस्त्रींनी खडूनं दारावर '9' लिहिलं. आबा म्हणाले, "एवढं असतंच जुन्या गाडीला."

कायदाही, गंमत म्हणजे, आबांच्या बाजूनं होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 98 वा नियम स्टेअरिंगचा आहे. त्यात स्टेअरिंगला तीस अंशांपर्यंतचा प्ले चालतो. तीस अंश म्हणजे घड्याळात पाच मिनिटांचं अंतर. आमच्या स्टेअरिंगचा व्यास चाळीस सेंटिमीटर धरला, तर कडेवर साडेदहा सेंटिमीटर होतात. आम्ही नऊवर होतो. म्हणजे गाडी पास, आणि दरवर्षी पासिंगला ती पास होतही होती. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, आणि त्यातला काही काळ माझे हात त्या नऊ सेंटिमीटरच्या पोकळीत नुसतेच फिरत होते, हा भाग कागदावर कुठं येत नाही. पण त्याच नियमात आणखी एक ओळ आहे: स्टेअरिंगच्या जोडांवरच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या असल्या पाहिजेत. त्या ओळीवर आम्ही नापास होणार होतो, हे अजून कुणी खाली जाऊन बघितलं नव्हतं.

गाडी जॅकवर चढवतील असं मला वाटलं. मिस्त्री नाही म्हणाले. वजन चाकांवर असलं पाहिजे. चाकं हवेत लोंबकळली की फिरवायला हलकी होतात आणि ढिला जोडसुद्धा ताण न पडल्यानं गप्प राहतो. त्यांनी पोतं अंथरलं आणि मला म्हणाले, "माझे गुडघे वळत नाहीत. तुम्हीच जा." बाहेरच्या बाकावर चहा पीत बसलेल्या दोघांना तो दिवसभराचा कार्यक्रम मिळाला.

खालून गाडी वेगळीच दिसते. मिस्त्री बाहेरून काठीनं दाखवत होते. उजवीकडे स्टेअरिंग बॉक्स, त्यातून खाली आलेला, डावी-उजवीकडे हलणारा दांडा म्हणजे पिटमन आर्म, त्याला जोडलेला मधला आडवा रॉड, आणि रॉडचं दुसरं टोक पेलून धरणारा, डावीकडे चेसिसला बसवलेला आयडलर. हा बिचारा स्वतः काहीच वळवत नाही, नुसती साथ करतो. मधल्या रॉडपासून दोन्ही चाकांकडे जाणारे टाय रॉड, त्यांच्या टोकांना चार बॉल जॉइंट. "डोळ्यांनी बघू नका," ते म्हणाले. "जोडाच्या दोन्ही अंगांना बोटं ठेवा. दोन्ही बोटं बरोबर हलली तर जोड चांगला. एक आधी, एक मागून, तर गेला."

आबा वर बसून स्टेअरिंग डावी-उजवी करत होते, त्यांच्या नेहमीच्या लयीत. मी पहिल्या जोडावर बोटं ठेवली. ठीक. दुसरा, उजव्या चाकाजवळचा. रबरी टोपी फाटून कातडीसारखी लोंबत होती, आत ग्रीस नव्हतंच, लाल माती भरलेली. आणि बोटांना स्पष्ट 'टक्' लागलं. आबांचा हात हलला, मग किंचित थांबून चाक हललं. त्या 'किंचित'मध्ये आबांचा हात मला जितका नीट कळला तितका शेजारी बसून कधी कळला नव्हता. आयडलरवर हात ठेवला तर तो आडवा फिरण्याआधी वर-खाली उड्या मारत होता. बुश, म्हणजे जोडातलं अस्तर, जवळजवळ नव्हताच. बॉक्स चेसिसला ज्या बोल्टांवर बसतो त्यातला एक, प्रत्येक हिसक्याला घामेजल्यासारखा काळा होत होता. मिस्त्री म्हणाले, बोल्टाभोवती अशी काळी ओल दिसली की तो हलतोय समजायचं. आणि वरून खाली येणाऱ्या शाफ्टच्या जोडातही थोडी खडखड होती.

एकेक दोष फार तर एक-दोन मिलिमीटरचा. नव्या गाडीलाही थोडा असतोच. पण हे सगळे एका माळेत ओवलेले, आणि प्रत्येकाची ढिलाई पुढच्याच्या ढिलाईत मिळून वर स्टेअरिंगच्या कडेला नऊ सेंटिमीटर होऊन पोहोचते. एका दिवसात आली असती तर आबांनी त्याच संध्याकाळी गाडी उभी केली असती. ती आली पंधरा वर्षांत.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. वळणावर आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, आणि तसं वळवणाऱ्या या दांड्यांच्या रचनेला जगभर 'अ‍ॅकरमन' म्हणतात. ती काढली 1817 मध्ये म्युनिकच्या लँकेन्स्परगर नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्यानं. रुडॉल्फ अ‍ॅकरमन हा त्याचा लंडनमधला एजंट, त्यानं 1818 मध्ये तिथं पेटंट काढलं आणि नाव त्याचं लागलं. (त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस यांना ही कल्पना सुचली होती, पण पेटंटच्या भानगडीत ते पडले नाहीत.) मी हे आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी माल एकाचा, पट्टी दलालाच्या नावाची. तिकडंबी तेच." कल्याणच्या गाळ्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला यात नवल वाटलं नाही.

तीन दिवस गाडी तिथं होती. आयडलर नवा, टाय रॉडची दोन टोकं नवी. जुनं टोक काढताना मिस्त्रींनी आटे मोजले आणि नवं तितकेच आटे आत घातलं, म्हणजे चाकांचा कोन फार बिघडत नाही. तरी शेवटी नारायणगावला जाऊन अलाइनमेंट करून घ्यायला सांगितलंच. पुढची चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे अगदी थोडी कललेली लागतात, कारण धावताना रस्ता त्यांना बाहेर ढकलतो आणि जोडांतली उरलेली ढील त्या ताणात संपून ती सरळ होतात. आमची उलट, बाहेर फाकलेली निघाली. टायरची करवत त्यातूनच आली होती. नव्या जोडांवर दारावरचा आकडा '5' झाला.

त्यानंतर जॅक. चाकाला वर आणि खाली धरून हिसका दिला तर डावं चाक डुलत होतं. मिस्त्रींनी आबांना ब्रेक दाबायला सांगितलं आणि पुन्हा हिसका दिला. डुलणं गायब. म्हणजे बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही डुललं असतं तर वर-खालचे बॉल जॉइंट गेलेत असं समजायचं. पैसे वाचवणारी इतकी साधी युक्ती मला क्वचितच कुणी शिकवली असेल. बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून पुन्हा आवळलं. बॉक्सचे बोल्ट आवळले, शाफ्टचा जोड बदलला. आकडा '4' आणि थोडा खाली.

आणि मग, सगळ्यात शेवटी, तो स्क्रू. त्यांनी चाकं बरोब्बर सरळ केली आणि मगच हात लावला. जुन्या पद्धतीच्या या बॉक्समध्ये दाते मधोमध, सरळ चालताना, मुद्दाम घट्ट बसवलेले असतात आणि कडेला थोडे सैल. गाडी सगळ्यात जास्त सरळच चालते, म्हणून झीजही मधेच होते. चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला की मध्यावर आल्यावर दाते एकमेकांत रुततात आणि बॉक्सचं आयुष्य संपायला लागतं. हायवेवरच्या गॅरेजात माझी गाडी तिरकी लावलेली होती, चाकं पूर्ण वळलेली. मिस्त्रींनी पाव आटाही फिरवला नसेल. स्टेअरिंग इकडून तिकडे पूर्ण फिरवून बघितलं, कुठं अडकत नाही ना. दारावर '2'.

मी जवळजवळ पेढे आणायला निघाले होते. रिकामी गाडी ओतूरपर्यंत नेली, सुतासारखी सरळ. आबांनी मान हलवली, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टोमॅटोचे साठ कॅरेट भरले, म्हणजे बाराशे किलोच्या आसपास, आणि नारायणगावचा रस्ता धरला. गाडी लोळायला लागली.

इतका राग मला क्वचित आला असेल. त्यातून आबांचं, "म्हटलं नव्हतं का, असतंच." पण आता खुळचटपणा न करता नीट लक्ष दिलं, तर लोळण्यात एक शिस्त होती. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी डावीकडे ढळायची, पाय काढला की उजवीकडे. स्टेअरिंग तसंच, हात तसेच. मी मिस्त्रींना फोन करून एवढंच सांगितलं. ते पलीकडे हसले. "मग पुढं काय शोधताय? मागं बघा."

संध्याकाळी त्यांनी मागच्या पाट्याच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, डोळ्यात टॉमी (लहान पहार) घालून रेटली. डाव्या बाजूचा बुश चपटा होऊन एका अंगानं पूर्ण गेलेला, पाटा अर्धा-पाऊण बोट पुढं-मागं सरकत होता. पाटा अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्टही ढिले. पाटा सरकला की त्याला बांधलेला अख्खा मागचा अ‍ॅक्सल एका बाजूनं पुढं येतो, मागची चाकं किंचित तिरकी होतात आणि गाडी मागून वळवल्यासारखी चालते. रिकामी असताना कळत नाही. माल भरला, वर रेस दिली, की कळतं. शिवाय साठ कॅरेटांमधले शेवटचे दहा आम्ही फळकुटाच्या अगदी टोकाला रचायचो, अ‍ॅक्सलच्याही मागं. त्यानं पुढची चाकं उचलल्यासारखी हलकी होतात आणि त्यांची रस्त्यावरची पकड आणखी जाते. मिस्त्रींनी स्टेअरिंग दुरुस्त करायला मागचे बुश बदलले. बाकावरच्या दोघांनी यावर मनसोक्त टिंगल केली, पण गाडी माल भरूनही सरळ जायला लागली ती त्या दिवसापासून.

महिना झाला. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आबांनी किल्ली मागून घेतली. पहाटे साडेपाच, कॅरेट भरलेले, रस्ता मोकळा. मी शेजारी. ओतूर सोडल्यावर सरळ पट्टा आला आणि गाडी नागमोडी चालायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. माझ्या पोटात गोळा आला. आता आणखी काय राहिलं? मग माझी नजर स्टेअरिंगवर गेली. आबांचे हात हलत होते. पंधरा वर्षं हलत होते तसेच, दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, आणि त्यांच्या प्रत्येक हलण्याला आता गाडी लगेच 'ओ' देत होती. कडेला ती पांढरी चिकटपट्टी अजून होती, तारेच्या टोकाखालून मागं-पुढं जात.

आबांनी वेग कमी केला. कपाळाला आठी.

"मिस्त्रीनं काय तरी जास्त आवळलंय," ते म्हणाले. "गाडी आता वढायला लागली."